उलट्या हातातली काठी

दौंड, ता. ८ डिसेंबर १९६३

प्रिय सारा,

सलाम. पाकिटावरचं अक्षर तू लगेच ओळखशील. माझा 'र' अजूनही पाय दुमडून बसल्यासारखा येतो, तू हसायचीस तसाच. ओळखून पत्र बाजूला ठेवावंसं वाटलं तर ठेव, पण चुलीत घालू नकोस. यात गुडघेदुखीवरच्या काही गोष्टी लिहिल्या आहेत. डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून घेतलेल्या आहेत आणि तुझ्या उपयोगाच्या आहेत. तेवढ्या वाच. बाकीचं वाचलं नाहीस तरी मी रागावणार नाही. रागावण्यात माझी पुष्कळ वर्षं गेली, आता त्यातलं काही शिल्लक नाही.

येशुदासची मनमाडला बदली झाली हे घोडनदीपर्यंत पोचलं असेलच. तो सून आणि नातीला घेऊन जूनमध्येच गेला. मलाही चल म्हणाला. पण त्याचं क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर, पायऱ्या एकोणीस. मी म्हटलं, एकदा चढवशील, पण मग मला खाली कोण आणणार? त्याला वाटलं मी थट्टा करते. इथलं क्वार्टर बदलीबरोबर गेलं, म्हणून आता रेल्वे कॉलनीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या घेतल्या आहेत. समोर लिंबाचं झाड आहे, आणि शंटिंगचा आवाज दिवसभर येतो. सकाळी दोन भाकऱ्या करते, एक सकाळची आणि एक संध्याकाळची. तवा तापायला जेवढा वेळ लागतो तेवढाही त्या करायला लागत नाही. मग दिवस पुढ्यात येऊन बसतो. रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमधून कालचा पेपर मिळतो, तो मी मोठ्यानं वाचते. म्हणजे दिवसातून एकदा तरी माझा आवाज माझ्या कानावर पडतो. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून शेजारची मुक्ताबाई डोकावून गेली होती, कोण पाहुणं आलंय ते बघायला.

ही मुक्ताबाई नदीकडच्या मळ्यातली. माझ्यासारखीच नवरा गेलेली. दोन म्हशी आहेत, दूध घालते. तोंड तिखट, पण माझ्या दारावरून गेली आणि बोलली नाही असं होत नाही. तिचं पुढं सांगायचं आहे, म्हणून नाव लिहून ठेवलं.

आता गुडघ्यांचं. चारएक वर्षं झाली. आधी सकाळी उठल्यावर पाय परक्याचे असल्यासारखे वाटायचे, दहा पावलं टाकली की मोकळे व्हायचे. मग ओट्यावरून उतरताना दुखायला लागलं. मग भाजीवाल्यापुढे खाली बसले की उठताना लाह्या फुटल्यासारखा आवाज. एकदा भाजीवालाच म्हणाला, "बाई, काय मोडलं?" नथानिएल तेव्हा होता. त्याला मी सांगितलं नाही. आपल्याला दुखतं हे सांगायची मला लाज वाटली, आणि ती लाज कुठली हे कळायला मला फार उशीर लागला. तो गेला त्यानंतरच्या हिवाळ्यात उजव्या गुडघ्याला सूज आली, तेव्हा येशुदास मला रेल्वेच्या दवाखान्यात घेऊन गेला.

तिथले डॉक्टर तरुण आहेत, पण ऐकून घेतात. गुडघा दाबला, वाकवला, त्यावर हात ठेवून आवाज ऐकला आणि म्हणाले, "बाई, हे सांधे झिजलेत. वाताचा ताप नव्हे, कुणाची नजर नव्हे, आणि तुमचं काही चुकलेलंही नाही. झिजलेलं भरून येत नाही. पण त्याच्याबरोबर नीट राहता येतं." मी विचारलं, पूर्ण बरं कधी होईल? ते म्हणाले, "मी काय बोललो ते तुम्ही ऐकलंत. तुम्हाला ते आवडलं नाही, एवढंच." सारा, मला ते आवडलं नाही खरं. पण तुमचं काही चुकलेलं नाही, हे वाक्य मी घरी येईपर्यंत मनात म्हणत होते. असं मला कुणी म्हणून फार वर्षं झाली होती. मी तर कुणाला कधी म्हटलंच नव्हतं.

त्यांनी सांगितलेलं असं. गुडघा दुखतो म्हणून दिवसभर बसून राहायचं नाही. मांडी सुकते, आणि मांडी सुकली की सगळा भार गुडघ्यावर येतो. खुर्चीवर बसायचं, एक पाय समोर सरळ करायचा, मांडी घट्ट आवळायची, दहापर्यंत मोजायचं आणि पाय सावकाश खाली घ्यायचा. मग दुसरा. असं दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. पहिले पंधरा दिवस काहीच वाटत नाही आणि सोडून द्यावंसं वाटतं. सोडू नकोस. महिन्याभरानं मला पाण्याची कळशी उचलताना फरक कळला. चालायचं, पण थोडं थोडं, मध्ये टेकत. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. पांढरी गोळी जेवल्यावरच घ्यायची, उपाशी पोटी कधीच नाही, आणि फार दुखेल त्याच दिवशी. वजन वाढू द्यायचं नाही. ते तुला सांगायला नको, तू पहिल्यापासून काडीसारखी.

जमिनीवर बसणं कमी करायचं, हे सगळ्यात अवघड. आपलं सगळंच जमिनीवर. हौसराव सुताराला बोलावून शेगडीसाठी उंच मेज करून घेतलं, आता उभ्यानं भाकरी थापते. संडाससाठी मधोमध भोक पाडलेली खुर्ची सांगितली, तर तो खुर्चीकडे बघतच राहिला. म्हणाला, "बाई, लोकं भोकं बुजवायला बोलावत्यात मला." मग कशासाठी ते कळल्यावर लाजला, आणि जाताना हळूच विचारलं, माझ्या म्हातारीलापण एक करू का अशी? तू कुणाकडून तरी अशी खुर्ची करून घेच. मानापमान बाजूला ठेवून सांगते, या एका खुर्चीनं माझं निम्मं दुखणं कमी झालं.

शेक मिठाचा. जाड मीठ तव्यावर तापवून फडक्यात बांधायचं. वरून तेल चोळलेलं आत सांध्यात जात नाही, असं डॉक्टर म्हणतात, पण चोळण्यानं बरं वाटतं, तर चोळा. मुक्ताबाई एरंडाची पानं आणून देते, ती गरम करून बांधते. तिनंच तिळाच्या तेलात लसूण कडकडवून दिला. कढई उतरवली आणि तो वास घरात पसरला, तेव्हा मी हातातलं फडकं घेऊन तशीच उभी राहिले. हा वास मी ओळखत होते. घोडनदीला मिशनच्या आवारात आपल्या दोन खोल्यांच्या मध्ये एकच भिंत होती. रोज संध्याकाळी तुझ्या खोलीतून हाच वास यायचा. आणि मी सासूबाईंना म्हणायचे, वन्संना एकटीला रोज फोडणीचं लागतं. त्यांना माहीत होतं की नाही, देव जाणे. मी मात्र ते बायकांच्या सभेतसुद्धा हसत हसत सांगितलं होतं. तू आठवड्यातले पाच दिवस बायबलबाईचं काम करायचीस, गावोगावच्या बायकांना शास्त्र वाचून दाखवायचं. न्हावऱ्यापर्यंत बैलगाडीनं आणि पुढं वाड्यावस्त्यांवर पायी, खांद्याला पुस्तकांची ती पिशवी. आणि संध्याकाळी दार लावून, लसणाचं तेल लावून, पाय चोळत बसायचीस. मला फोडणी वाटली.

तू सांगितलं कसं नाहीस, हे आता मी विचारत नाही. चालता येत नसलेली बायबलबाई मिशनला कशाला हवी? हे मला तेव्हाही कळायला हवं होतं. माझी आई मिशनच्या बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात होती. काम करता येईनासं झालं की माणसाला किती हळूच बाजूला करतात, ते मी लहानपणी चुलीशी बसून पाहिलं होतं. तू वर्गात शिकत होतीस आणि मी बाहेर भांडी घासत ऐकून ऐकून अक्षरं गिरवत होते, राखेत. डब्यांवरची नावं वाचत वाचत मी वाचायला शिकले. कुणी शिकवलं नाही याचा मला अभिमान होता, आणि तो अभिमान मी पुढं सगळीकडे बरोबर नेला. देवळातसुद्धा.

या सप्टेंबरच्या चौदा तारखेला नथानिएलला जाऊन दोन वर्षं झाली. येशुदासला रजा मिळाली नाही. डॉक्टरांनी गुडघे टेकायला मनाई केली आहे, मी खुर्चीवर बसूनच प्रार्थना करते. पण त्या दिवशी मला वाटलं, आज नको. आज नीट करू. सकाळी दहाच्या सुमाराला कॉटपाशी गुडघे टेकले. खाली जाताना गेले, सारा. प्रार्थना झाली, आमेन म्हटलं आणि उठायला गेले, तर उजवा गुडघा जागचा हलेना. जोर दिला की डोळ्यांपुढं अंधारी यायची. कॉटला धरलं, तर ती सुंभाची हलकी कॉट माझ्याकडेच सरकत आली. आडवं पडावं म्हटलं, तर पाय मुडपलेला, त्याच्यावर अंग टाकायची भीती. अशी मी राहिले. पुण्याची गाडी गेली. मालगाडीचे डबे मोजले, त्रेचाळीस.

मग दारात पावलं वाजली. मुक्ताबाई दुधाचं भांडं न्यायला आली होती. माझी पाठ दाराकडे. तिला हाक मारायची म्हणून मी तोंड उघडलं. आणि मला हाक मारता आली नाही. का, ते मी तुला सांगू शकते, आणि कदाचित तुला एकटीलाच सांगू शकते. मला वाटलं, ती म्हणेल की देवापुढं बसलेली बाई उठवायला शेजारीण लागते. ती थांबली, आणि मग तिनं हळूच, आवाज न करता दार ओढून घेतलं आणि गेली.

ते दार बंद झाल्यावर मला थंडी भरल्यासारखं झालं. गुडघा दुखत होता म्हणून नव्हे. ते दार मी ओळखलं.

ती अर्ध्या तासानं पुन्हा आली. यावेळी तिला संशय आला. "देवाशी भांडान झालं का काय बाई? अजून उठंना व्हय?" म्हणत आत आली आणि माझं तोंड बघून खाली वाकली. काखेत हात घालून मला वर घेतलं, कॉटवर बसवलं आणि पाण्याचा तांब्या हातात दिला. मग म्हणाली, "मघाशीच आले व्हते की मी. म्हनलं, परारथना चाललीया, कशाला मधी शिरा. दार वडून घेतलं आन् गेले. मला काय म्हाईत, तुमी अडाकलाय! हाक तरी मारायची न्हाई व्हय वो?" मी रडायला लागले. तिला वाटलं, नवऱ्याच्या आठवणीनं. तेही होतंच.

बावन्न सालचा जानेवारी, प्रार्थनेचा आठवडा. बायकांची सभा देवळात दुपारी चारला असायची. आपण सगळ्या सतरंजीवर, आणि प्रार्थनेला सगळ्या गुडघ्यांवर. तू त्या वर्षी पहिल्या दिवसापासून मागच्या बाकावर बसत होतीस आणि प्रार्थनेला नुसती मान खाली घालत होतीस. मी त्या वर्षी पहिल्यांदाच सभेची चिटणीस झाले होते. बोर्डिंगमध्ये शिकलेल्या इतक्या बायका असताना चिटणीस मी, भांडी घासणाऱ्या बाईची मुलगी. तिसऱ्या दिवशी वाचन माझ्याकडे होतं. मी शास्त्रातलं गुडघे टेकण्याविषयीचं वचन मुद्दाम शोधून काढलं होतं. ते वाचलं आणि पुस्तक मिटून म्हणाले, "गावोगाव फिरायला ज्यांचे गुडघे वाकतात, ते प्रभूपुढं का वाकू नयेत?" नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, सगळ्या माना मागं वळल्या. तू उठलीस. बाकांना धरत धरत पुढं आलीस, सतरंजीच्या कडेला थांबलीस आणि गुडघ्यांवर गेलीस. तुझ्या तोंडातून एक आवाज आला. सगळ्यांना तो हुंदका वाटला. मलाही.

सभा संपली, सगळ्या उठल्या. तू उठली नाहीस. डोकं खाली, दोन्ही हात जमिनीवर. दोघी-तिघी तुझ्याकडे जायला निघाल्या, त्यांना मी अडवलं. म्हटलं, "राहू द्या तिला. आत्मा काम करतोय." या शब्दांत म्हटलं. आणि सगळ्या बाहेर गेल्यावर मी मागं वळून तुझ्याकडे बघितलं, माझ्या वाचनाचं फळ म्हणून बघितलं, आणि तुला एकांत मिळावा म्हणून दार हळूच ओढून घेतलं. घरी जाऊन सभेच्या वहीत लिहिलं, माझ्या चांगल्यातल्या चांगल्या अक्षरात: 'तिसऱ्या दिवशी भगिनी सारा यांना पश्चात्तापाचा आशीर्वाद लाभला.'

नथानिएल त्या दिवशी दौंडहून, नोकरीवरून, आला होता. त्याची एस.टी. संध्याकाळी पोचायची आणि तो पहिल्यांदा तुझ्याकडे डोकावून मग घरी यायचा. त्या दिवशी अंधार पडल्यावर आला. हातपाय धुतले, पाटावर बसला, आणि ताटाकडे न बघता मला विचारलं, "देवळाचं दार तू लावलंस?" मी अभिमानानं हो म्हटलं. तो ताट सरकवून उठला. एवढंच. पुढची नऊ वर्षं त्यानं त्याविषयी एक शब्द काढला नाही. तूच त्याला शपथ घातली असशील. पण त्या दिवसापासून घरच्या प्रार्थनेला तो गुडघ्यांवर आला नाही. येशुदास आणि मी खाली, आणि तो कॉटवर, बसलेला. मी कितीदा बोलले त्याला. मुलानं काय शिकायचं म्हटलं, पाळकांना सांगेन म्हटलं. तो म्हणायचा, "त्याला बसलेल्या माणसाचंही ऐकू येतं." मला वाटायचं, माझ्यावर काहीतरी राग आहे. त्याचे गुडघे शेवटच्या वर्षापर्यंत धडधाकट होते, सारा. रोज सिग्नलच्या शिड्या चढून दिवे लावणारा माणूस तो. आता कळतं, तो तुझ्याबरोबर बसत होता.

तू त्यानंतर देवळात आली नाहीस. ईस्टरला पिशवी मिशनमध्ये परत नेऊन दिलीस आणि गोधड्या शिवायला लागलीस. लोक म्हणाले, पश्चात्ताप झाला पण गर्व गेला नाही. लोक म्हणजे कोण, ते तुला माहीत आहे. पुढच्या वर्षी आम्हाला दौंडला क्वार्टर मिळालं आणि मी सुटल्यासारखी इथं आले.

मग तू दिसलीस ती एकदम नथानिएलच्या मातीला. एस.टी.नं एकटी आलीस. कबरेपाशी प्रार्थना झाली, सगळे ओल्या मातीत गुडघ्यांवर गेलो, आणि तू उभी राहिलीस, काठीवर. मी डोळे मिटले नव्हते. मी तुझ्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, सख्ख्या भावापुढंसुद्धा वाकत नाही ही. त्या घटकेला, सारा. तो मातीत जात होता आणि मी हे मोजत होते. माती झाल्यावर तू माझ्याजवळ आलीस, माझ्या डोक्यावर हात ठेवलास. मी डोकं बाजूला घेतलं. तू शेवटच्या गाडीनं परत गेलीस, घरी पाणीही न पिता. मी थांब म्हटलं नाही.

मुक्ताबाईनं मला उठवलं त्याला आता तीन महिने होत आले. तेवढे दिवस हे पत्र मी लिहिते आणि फाडते. एकदा नुसती माफी लिहिली, तर ते वहीतल्या ओळीसारखंच दिसायला लागलं, सुबक. म्हणून गुडघ्यांचं लिहायचं ठरवलं. त्यात तरी मला दिखावा करता येत नाही. जमिनीवर कधी अडकलीसच, तर डॉक्टरांनी दाखवलेली रीत अशी: घाई करायची नाही. जवळ जड काही असेल, भिंतीला लागलेली पेटी किंवा बाक, तिकडं हळूहळू सरकायचं. दोन्ही हात त्यावर, मग चांगल्या पायाचा तळवा पुढं टेकवायचा, आणि हातांवर जोर देऊन वर यायचं. आणि हाक मारायची. ही शेवटची गोष्ट त्यांनी नाही, मी घातली आहे.

आता हे पत्र का, ते. जानेवारीत प्रार्थनेचा आठवडा आहे. घोडनदीच्या मंडळीतून मला पत्र आलं आहे की जुनी चिटणीस म्हणून बायकांच्या सभेत तिसऱ्या दिवशी वाचन मी करावं. त्यांना तो दिवस आठवतही नाही. मी येईन म्हणून कळवलं आहे, आणि सभेची जुनी वही कपाटातून काढून ठेवा असंही. मी बाकावर बसून वाचणार आहे, प्रार्थनेलाही बसूनच राहणार आहे, आणि का ते सांगणार आहे. मग बावन्न सालचं ते पान उघडून माझ्या त्या ओळीखाली खरं काय झालं ते लिहायचं आहे: साराला आशीर्वाद मिळाला नाही, तिचे गुडघे अडकले होते, आणि दार मी ओढून घेतलं. पण ही गोष्ट माझ्याआधी तुझी आहे. तू बारा वर्षं झाकून ठेवलीस, ती तुला न विचारता पुन्हा चारचौघींत मांडली, तर मी तेच केलं असं होईल. म्हणून विचारते. लिहू का? तू नको म्हणालीस तर मी फक्त माझ्या गुडघ्यांचं बोलेन आणि वही तशीच मिटून ठेवेन. हो म्हणालीस, तर एक गोष्ट मला माहीत नाही, ती तूच सांगू शकतेस. नथानिएल येईपर्यंत तू तिथं किती वेळ होतीस? वहीत तेवढी जागा मी मोकळी सोडेन. सांगायचं नसेल तर ती मोकळीच राहील. दोन ओळींचं कार्ड टाकलंस तरी पुरे, आणि नाही टाकलंस तर ते नको असंच मी धरेन. आलीस तर मागच्या बाकावर दाराशी बस, मी तिथंच असेन, आणि दार उघडं ठेवायला सांगितलं आहे. आणि आलीस, न आलीस तरी, सारा, एक ऐक. मातीच्या दिवशी तू काठी उजव्या हातात धरली होतीस, आणि पायही उजवाच ओढत होतीस. हे सगळेच चुकतात, मीही चुकत होते. काठी दुखऱ्या पायाच्या बाजूला धरायची नसते. डाव्या हातात धर.

भिंतीपलीकडची, तुझीच,
कृपा